शाळेच्या नाट्यमंडळासाठी विनोदी नाटक कसे निवडावे

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी विनोदी नाटक शोधताना शिक्षक बहुधा स्वतःला आवडलेल्या एखाद्या व्यावसायिक नाटकापासून सुरुवात करतात. परंतु आठवणीत राहिलेला हशा संहितेचा होता की ते नाटक गाजवणाऱ्या कसलेल्या नटाचा, हे वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून छापील संहिता हाती घ्यावी आणि हसू नेमके कोठे व कशामुळे येते, याची नोंद समासात पेन्सिलीने करत जावे. प्रेक्षकांना ठाऊक असलेली गोष्ट पात्राला ठाऊक नसल्यामुळे पिकणारा हशा नवख्या मुलांनाही पेलतो. निव्वळ शाब्दिक कोट्यांवर किंवा एकाच नटाच्या हजरजबाबीपणावर उभे असलेले प्रवेश त्यांच्या हातून निसटतात.

या दृष्टीने आचार्य अत्रे यांची दोन नाटके शेजारी ठेवून पाहावीत. ‘मोरूची मावशी’चा सारा डोलारा मावशीचे सोंग घेणाऱ्या एका नटावर असतो, तो मुलगा दमला, की बाकीच्यांना करण्यासारखे फारसे उरत नाही. ‘साष्टांग नमस्कार’मध्ये (१९३३) सूर्यनमस्काराने झपाटलेल्या रावबहादुरांपासून निरनिराळ्या पात्रांना आपापले वेड आहे, त्यामुळे लहान भूमिकेतील मुलालाही धरून ठेवण्यासारखे काहीतरी मिळते. शाळेने असेच, हशा वाटून देणारे नाटक घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते काटछाटीत. अडीच-तीन तासांचे नाटक स्नेहसंमेलनाच्या चाळीस मिनिटांत बसवण्यासाठी पहिला अंक ‘संथ’ म्हणून कापला जातो, आणि पुढचे गोंधळ कोणालाच उमगत नाहीत. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर संशयी फाल्गुनरावाची बायको कृत्तिका हिच्या हाती लागते आणि फाल्गुनरावाच्या संशयाला आयते खाद्य मिळते, तसबीर कोणाची आणि तेथे कशी आली, हे प्रेक्षकांनी आधी पाहिलेले नसेल, तर नंतरच्या भांडणांत हसण्यासारखे काही राहत नाही. मोठे नाटक कापण्यापेक्षा मुळातच छोटे लिहिलेले घ्यावे, किंवा एखादा अंक सलग करावा. राम गणेश गडकरी यांचे ‘सकाळचा अभ्यास’, पु. ल. देशपांडे यांचे ‘वयं मोठं खोटम्’ आणि विजय तेंडुलकर यांची बालनाट्ये शिक्षकांनी अवश्य वाचावीत.

हशा कोणाच्या जिवावर आहे, हेही तपासावे. जुन्या प्रहसनांत तोतरेपणा, लठ्ठपणा, काळा रंग, खेडवळ बोली यांवर पुष्कळ विनोद आहे. ती बोली ज्याच्या घरी बोलली जाते, तो मुलगा आपल्याच सभागृहात बसलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला नाटकातल्या त्या पात्राच्या नावाने हाक मारली जाते. असा विनोद गाळून नाटक उभे राहत नसेल, तर ते नाटक सोडून द्यावे. मुलींसाठी भूमिका कमी पडत असतील, तर वकील, डॉक्टर, घरमालक, शेजारी ही पुरुष पात्रे बदलून स्त्री-पात्रे करता येतात. मात्र क्रियापदे बदलल्यावर वाक्याचा ठेका टिकतो का, हे मोठ्याने म्हणून पाहावे.

दोन-तीन संहिता उरल्या, की भूमिका न वाटता मुलांकडून त्यांचे वाचन करून घ्यावे. पहिल्या वाचनात मुले हसतातच. दुसऱ्या वाचनातही ती पुढच्या वाक्याची वाट पाहत असतील, तर ते नाटक दीड-दोन महिन्यांच्या तालमी सोसेल.

परवानगीचा प्रश्न तालमीपूर्वी मिटवावा. लेखकाच्या निधनाच्या वर्षानंतर साठ वर्षे त्याचे हक्क राहतात. देवल १९१६ मध्ये आणि गडकरी १९१९ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची नाटके मुक्त आहेत; अत्रे १९६९ मध्ये वारले, म्हणून त्यांच्या नाटकांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला आणि केवळ शाळेतील मंडळी व पालकांपुढे होणारा प्रयोग कायद्याने हक्कभंग ठरत नाही. स्पर्धेत किंवा तिकीट लावून प्रयोग करायचा असेल, तर मात्र हक्कधारकांची लेखी संमती घ्यावी, त्या पत्रात काटछाटीचाही उल्लेख करावा, आणि नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची चौकशी वेळेत करावी.