सुमेरियन शेतीवर लिहिताय? या चुका टाळा

शाळांचे प्रकल्प, प्रदर्शनांचे फलक, व्हिडिओच्या संहिता असं बरंच काही तपासायला माझ्याकडे येत असतं. विषय 'शेती आणि अवजारांचा इतिहास' असला की सुरुवात सुमेरपासूनच, म्हणजे आजच्या दक्षिण इराकातल्या प्राचीन संस्कृतीपासूनच, होते, आणि दुसऱ्या ओळीपासून त्याच त्या चुका सुरू होतात. त्यातल्या दोन मला फार छळतात, म्हणून त्यांच्यावर सविस्तर लिहिते. उरलेल्या थोडक्यात.

नाईलचा पूर युफ्रेटिसच्या गळ्यात बांधणं

"नदीला पूर यायचा, सुपीक गाळ पसरायचा आणि शेतकरी त्यात पेरणी करायचे." हे वाक्य इजिप्तचं आहे. नाईलचा पूर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात चढायचा, शरदात ओसरायचा आणि मागे ओली जमीन पेरणीला तयार ठेवायचा. दक्षिण इराकात नेमकं उलटं. टायग्रिस आणि युफ्रेटिसला पूर येतो तो उत्तरेच्या डोंगरांतलं बर्फ वितळल्यावर, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास. त्या वेळी शेतात जव कापणीला आलेला असायचा. आणि पेरणीच्या दिवसांत, शरदात, नदी तळाला गेलेली. हवं तेव्हा पाणी नाही आणि नको तेव्हा दारात पाणी, अशी ही शेती. पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरही नाही, त्यामुळे आकाशाच्या भरवशावर काहीच उगवणार नाही.

हे कळलं की पुढचं आपोआप उलगडतं. कालवे कशाला, बांध कशाला, माणसांच्या एवढ्या टोळ्या कशाला, याचं उत्तर या उलट्या वेळापत्रकात आहे. उर या सुमेरियन शहराच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळात (इ.स.पू. २११२ ते २००४) कालवा खणणाऱ्या माणसाने दिवसाला किती माती काढायची याचं प्रमाण ठरलेलं होतं. आजच्या हिशेबात ते साधारण ३ घनमीटर भरतं. कुदळ आणि टोपली घेऊन ३ घनमीटर, आणि पुन्हा उद्या तेवढंच. हे लिहायचं सोडून लोक 'निसर्गाचं वरदान' लिहितात, तेव्हा त्या माणसाचा घाम पुसून टाकला जातो आणि मला खरोखर वाईट वाटतं.

माझी सवय सांगते. कुठल्याही प्रदेशाच्या शेतीवर लिहिण्याआधी मी एका कागदावर बारा महिने मांडते आणि पेरणी, कापणी, पाऊस, पूर यांच्या खुणा करते. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता लिहिलेला मजकूर माझ्याकडे आला की मी पुढे वाचत नाही, परत पाठवते.

बी फेकून पेरायचे असं समजणं

सुमेरियन लोकांकडे पेरणीचा नांगर होता. नांगराला एक उभी नळी, वर बी टाकायला फनेल, आणि बी सरळ तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरीत, पडणार. त्यांचा एक मजकूर मातीच्या पाट्यांवर मिळालेला आहे. उर आणि निप्पूर या शहरांच्या उत्खननांतही त्याच्या प्रती निघाल्या. त्या प्रती सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या. त्यात बाप मुलाला वर्षभराची शेती सांगतो. बी टाकणाऱ्यावर नजर ठेव, दाणा सगळीकडे सारखा दोन बोटं खोल पडला पाहिजे. साधारण ६ मीटर रुंदीत ८ तास काढ. बी नीट आत जात नसेल तर फाळ बदल. इतकी काटेकोर शेती करणाऱ्यांना आपण 'मुठीने बी उधळणारे' म्हणून मोकळे होतो.

एका तालुक्याच्या गावी शेती-अवजारांचं प्रदर्शन होतं. फलकांचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला होता. निप्पूरला सापडलेल्या एका मुद्रेच्या ठशाचं रेखाचित्र त्यात होतं. ठसा इ.स.पू. चौदाव्या शतकातला, म्हणजे सुमेरच्या बराच नंतरचा, पण अवजार तेच. बैलजोडी, नांगर आणि तीन माणसं: एक बैल हाकणारा, एक नांगर धरणारा, तिसरा नळीच्या तोंडाशी हात नेणारा. खाली मथळा होता, 'नांगराची पूजा करणारा पुजारी'. मी लाल शाईने लिहून पाठवलं की हा पुजारी नाही, बी सोडतोय. उत्तर आलं, छपाई झालीय, एवढं कोण बघतं.

उद्घाटनाच्या दिवशी जवळच्या गावातल्या बायका आल्या होत्या. त्यातली एक सत्तरीची बाई फलकाशी थांबली, पदर सावरून चित्राच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "ताई, ह्यो कसली पूजा करतुया? ह्यानं तर चाड्यावर मूठ धरलीया." चाडं म्हणजे पेरणीच्या तिफणीचं बी टाकायचं तोंड. मग तिने स्वतःची मूठ पुढे धरली आणि अंगठा किंचित हलवून दाखवला, दाणा कसा एकेक सोडायचा ते. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. आयुष्यभर तिफणीमागे चाललेल्या बाईला जे एका नजरेत दिसलं, ते छापणाऱ्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. तो मथळा प्रदर्शन संपेपर्यंत तसाच राहिला, याचा राग मला अजून आहे.

मात्र इथून लगेच 'आपली तिफण सुमेरहून आली' किंवा 'त्यांनी आपल्याकडून नेली' अशी उडी मारू नका. तिफणीला तीन नळ्या, त्या नांगराला एक. तत्त्व सारखं आहे, इतकंच म्हणा.

आता बाकीच्या

शेतीचा शोध सुमेरियनांनी लावला नाही. त्यांच्या कितीतरी हजार वर्षं आधी ती वरच्या डोंगरपायथ्यांच्या पट्ट्यात सुरू झाली होती.

कांस्ययुग म्हणजे कांस्याचे विळे, असं गृहीत धरू नका. दक्षिणेकडे ना दगड ना धातू, होती ती माती. उबैद आणि उरुक या तिथल्या सुरुवातीच्या कालखंडांतले भट्टीत भाजलेल्या मातीचे विळे तिथे ढिगाने सापडतात. आतली कड पातळ केलेली, आणि बहुतेक तुटलेले.

सगळं श्रेय नांगराला देऊ नका. कुदळ आणि नांगर यांचा वाद रंगवणारी एक सुमेरियन रचना आहे. कुदळ नांगराला सुनावते की तू वर्षातले चार महिने कामाला, आठ महिने गायब, मी मात्र बारा महिने राबते. तुझ्यामागे सहा बैल आणि चार माणसं लागतात, तू स्वतः अकरावा. शेवटी एनलिल देव कुदळीच्या बाजूने निकाल देतो. कालवा, बांध, विटांची माती, सगळं कुदळीचं काम होतं, हे त्या लोकांना माहीत होतं.

'मिठाने सुमेर बुडालं' हे एका ओळीत उरकू नका. १९५८ साली जेकबसेन आणि अॅडम्स या संशोधकांनी मांडलं की क्षार वाढत गेले, गहू मागे पडला, जव उरला आणि उत्पन्न घटलं. गिर्सू शहराकडे इ.स.पू. २४०० च्या सुमारास हेक्टरी २,५३७ लिटर धान्य, तर लार्सा शहराकडे इ.स.पू. १७०० च्या सुमारास ८९७ लिटर, असे त्यांचे आकडे. १९८५ साली पॉवेल या संशोधकाने या आकड्यांच्या वाचनावरच आक्षेप घेतले. दोन्ही बाजू लिहा. क्षार वर कसे येतात ते मात्र सांगलीकडच्या कृष्णाकाठी उसाच्या क्षारपड रानात बघून घ्या: पाणी भरपूर, निचरा नाही, आणि जमिनीवर पांढरी खपली.

आणि 'सगळं काम गुलाम करायचे' हे लिहिण्याआधी धान्याच्या नोंदी पाहा. उरच्या तिसऱ्या राजवंशात राज्याच्या टोळीतल्या पुरुषाला महिन्याला साधारण ६० सिला जव मिळायचा, बाईला ३०. सिला म्हणजे अंदाजे एक लिटर. त्याखेरीज रोजाने लावलेली माणसंही होती, त्यांचा दर वेगळा. गुलामही होते. मुकादमाकडून मजुरांच्या दिवसांचा हिशेब घेतला जायचा, आणि कमी भरलेले दिवस पुढच्या वर्षी त्याच्याच नावावर चढायचे.