अक्कलदाढ काढायची ठरली असेल तर: इंदूरच्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या आईबाबांसाठीही

अकरावी-बारावीत असताना किंवा भंवरकुआँच्या कोचिंगला जायला लागल्यावर कधीतरी जबड्याच्या अगदी मागे ठणका लागतो. तोंड नीट उघडत नाही, गिळताना कानापर्यंत कळ जाते. आजी लवंग देते, आई मिठाच्या गुळण्या करायला लावते, गोळ्या घेतल्या की आठवड्यात बरं वाटतं. दोन महिन्यांनी ऐन टेस्टच्या तोंडावर पुन्हा तेच. मग एकदा डॉक्टर म्हणतात, ‘आता काढूनच टाकू.’ सगळे घाबरतात ते डॉक्टरांच्या खुर्चीला. माझं मत वेगळं आहे. काळजी करायचीच असेल तर पुढच्या आठवड्याच्या खाण्यापिण्याची करावी, त्यात इंदूरसारख्या शहरात.

आधी विचारून घे: काढायलाच हवी का?

अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात. काहींना येतच नाहीत. सरळ आली, पूर्ण बाहेर आली आणि ब्रश तिथपर्यंत पोचतोय, तर तिला हात लावायची गरज नसते. ब्रिटनमध्ये तर २००० सालापासून अधिकृत सल्लाच आहे की त्रास नसलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. त्रास होतो तो आडवी किंवा तिरकी अडकली की. अर्धवट बाहेर आलेल्या दाढेवर हिरडीची झापड राहते, तिच्याखाली अन्न कुजतं, सूज येते. कधी ही तिरकी दाढ शेजारच्या चांगल्या दाढेला टेकते आणि तिलाच कीड लागते. अशी वेळ आली की काढणं शहाणपणाचं.

‘पुढचे दात वाकडे होतील म्हणून काढा’ असं कुणी सांगितलं तर मात्र आणखी एका डॉक्टरांचं मत घ्यावं. या समजुतीला अभ्यासांचा भक्कम आधार नाही.

लवकर काढण्याचे फायदे आहेत, हेही खरं. या वयात दाढेची मुळं पूर्ण बनलेली नसतात, हाड तितकं टणक नसतं, जखमही लवकर भरते. चाळिशीत हेच काम जड जातं.

एक्स-रे, डॉक्टर आणि तारीख

पहिली पायरी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला सगळे ओपीजी म्हणतात. उभं राहून पुढच्या दातांत एक छोटी दांडी धरायची, यंत्र डोक्याभोवती फिरतं, अर्ध्या मिनिटाच्या आत काम होतं. डॉक्टर त्यात मुख्यतः बघतात की खालच्या दाढेची मुळं जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या किती जवळ आहेत. फारच जवळ असतील तर आणखी बारकाईचा स्कॅन सांगतात. हा फोटो तुला दाखवायला सांग. आपली दाढ कशी झोपली आहे ते स्वतः पाहिलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

अडकलेली दाढ असेल तर ओरल सर्जनकडे जावं. एमवाय रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो, पण रांगेची तयारी ठेवून सकाळी लवकर जायचं. खासगीत जाणार असाल तर आईबाबांनी आधीच विचारावं की सांगितलेल्या रकमेत एक्स-रे, टाके आणि नंतरच्या फेऱ्या धरल्या आहेत का.

तारीख ठरवताना पुढचे आठ-दहा दिवस मोकळे बघ. बोर्ड, जेईई, नीट यांच्या आसपास नको. ढोल-ताशा पथकात असशील, बासरी वाजवत असशील किंवा रोज जिमला जात असशील, तर तेही डॉक्टरांना सांग. दमा, ॲलर्जी, चालू असलेली औषधं, पूर्वी कधी रक्त लवकर न थांबल्याचा अनुभव यातलं काहीही लपवू नये. तंबाखू, सिगारेट किंवा व्हेप चालू असेल तर तेही आईबाबा बाहेर असताना का होईना, डॉक्टरांच्या कानावर घाल. जखम न भरण्याचं ते मोठं कारण आहे.

त्या दिवशी

दाढ काढून आल्यावर गाडीत बसून वेड्यासारखं बडबडणाऱ्या अमेरिकन मुलांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. तिथे बऱ्याचदा गुंगी देऊन चारही दाढा एकदम काढतात. आपल्याकडे बहुतेक वेळा फक्त तेवढी जागा बधिर करतात आणि एका वेळी एकच बाजू करतात, म्हणजे दुसऱ्या बाजूने खाता येतं. तेव्हा बडबड वगैरे काही होत नाही, मोबाईल घेऊन तयार बसलेल्या भावंडांची निराशा होणार.

नुसती जागा बधिर करणार असतील तर उपाशी जाऊ नको. नीट जेवून, दात घासून जा. गुंगी किंवा पूर्ण भूल देणार असतील तर नियम उलटा: साधारण सहा तास आधीपासून अन्न बंद. नक्की वेळ डॉक्टर सांगतील तीच धरायची. १८ पूर्ण नसतील तर संमतिपत्रावर आई किंवा बाबांची सही लागते, म्हणून कोणीतरी मोठं माणूस सोबत हवंच. परतताना स्कूटी त्यांनीच चालवायची.

खुर्चीवर पहिली टोचणी लागते, ती खरीच लागते. मग काही मिनिटांत अर्धा ओठ आणि जीभ जड होतात. बधिर करण्याच्या औषधात ॲड्रिनलिन असेल तर एखादा मिनिट छाती धडधडते, ते आपोआप शांत होतं. डॉक्टर टोकदार अवजाराने विचारतात, ‘इथे टोचतंय?’ टोचत असेल तर खरं सांग, आणखी औषध देता येतं. त्यानंतर हिरडीला छोटी चीर देतात, गरजेपुरतं हाड पाण्याच्या फवाऱ्याखाली घासतात आणि बहुतेकदा दाढेचे तुकडे करून काढतात. दुखत नाही, पण दाब जाणवतो, जबडा हलल्यासारखा वाटतो आणि कवटीच्या आत कडकड असा आवाज येतो. या आवाजाची कल्पना आधी कुणी देत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं. आधीच ठरवून ठेव: डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील. दोन-तीन टाके घातले, कापसाची घडी दातांत दिली की संपलं. अडकलेल्या एका दाढेला साधारण अर्धा-पाऊण तास धर.

पहिले २४ तास

जिथून दाढ निघाली त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तीच त्या जखमेचं झाकण आहे, पुढची सगळी पथ्यं तिच्यासाठी.

- कापूस अर्धा ते एक तास घट्ट चावून धर, मधे मधे काढून बघू नको.
- थुंकायचं नाही. लाळ गिळायची. ती दिवसभर गुलाबी दिसेल, घाबरण्यासारखं नाही.
- स्ट्रॉने काही ओढायचं नाही, चूळ नाही, गुळण्या नाहीत, गरम चहा नाही.
- गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ, १५-२० मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा.
- बधिरपणा उतरायच्या आत थोडं थंड-मऊ खाऊन वेदनाशामक गोळी घे. दुखायला लागल्यावर घेतली तर गुण यायला वेळ लागतो. ओठ चावला जात नाही ना, तेवढं बघ.

आईबाबांसाठी: घरात पडलेली ॲस्पिरिनची गोळी देऊ नका. तिने रक्त जास्त वाहतं, आणि १६ वर्षांखालच्या मुलांना ती तशीही देत नाहीत. रक्त पुन्हा झिरपू लागलं तर मुलाला ताठ बसवा आणि स्वच्छ गॉजची ओली घडी अर्धा तास चावायला द्या. गॉज नसेल तर थंड पाण्यात भिजवून पिळलेली टी-बॅग चालते. रात्री एक उशी जास्त.

दुसरा दिवस ते आठवडा

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. सकाळी आरशात गाल लाडू भरल्यासारखा दिसला तर काही बिघडलं असं नाही. तोंड दोन बोटांएवढंच उघडेल, गालावर पिवळट डाग येईल. २४ तासांनंतर कोमट पाण्यात मीठ घालून खाल्ल्यावर दर वेळी हळूच खळखळव, जोर लावू नको. बाकी दात नेहमीसारखे घासायचे.

आता खाणं. इंदुरी घरात हाच सगळ्यांत कठीण भाग. सकाळचे पोहे बंद. त्यावरची शेव, जीरावन आणि फोडणीतली मोहरी तिन्ही त्या खड्ड्यात जाऊन बसतात. मोहरीचा एक दाणा टाक्याखाली अडकला की तो जिभेला लागतो पण निघत नाही, आणि काडीने काढायचा मोह अनावर होतो. काडी लावायची नाही. दहीभात करताना फोडणीच देऊ नये. भुट्ट्याचा कीस मऊ वाटतो, पण त्यातही मोहरी, मिरची आणि दाणेदारपणा असतो, दहा दिवस थांबावं. गराडू, कचोरी आणि सराफ्यातल्या रात्रीच्या फेऱ्या या आठवड्यात नाहीत.

चालतं ते असं: पहिल्या दिवशी गार दही, शिकरण, चमच्याने आईस्क्रीम, आमरसाचा मोसम असेल तर आमरस. दुसऱ्या दिवसापासून कोमट मऊ भात-वरण-तूप, मेतकूट-भात, मुगाची आसट खिचडी. छप्पन दुकानवरची दुधाची घट्ट शिकंजी हवीच असेल तर सुका मेवा गाळून, वाटीतून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुधात कुस्करलेली पोळी जमते.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाकडे नीट लक्ष ठेव. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. ते कमी होता होता एकदम वाढलं, कानाकडे ठणकायला लागलं, तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. घरी लवंगतेल ओतत बसू नको, डॉक्टरांकडे जा. ते जागा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बहुतेकांना लगेच आराम पडतो. अर्ध्या तासाच्या दाबानेही न थांबणारं रक्त, ताप, तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी सूज, दुसऱ्या दिवशीही बधिर असलेला ओठ किंवा जीभ, यांपैकी काहीही असेल तर फोन करायचा. गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल तर फोनही नको, तडक इमर्जन्सीत. ओठाचा बधिरपणा क्वचित राहतो आणि बहुतेकदा काही आठवड्यांत-महिन्यांत जातो, पण डॉक्टरांना तो लवकर कळलेला बरा.

कॉलेजला तीन-चार दिवसांत जाता येतं. क्रिकेट, जिम आणि पोहणं आठवडाभर बंद. विरघळणारे टाके नसतील तर सातव्या दिवसाच्या आसपास काढतात, ते क्षणभर चिमटा बसल्यासारखं लागतं. खड्डा वरून बुजायला तीन-चार आठवडे आणि आतून हाड भरायला काही महिने लागतात. तोवर त्यात अन्न अडकणारच, म्हणून टाके काढताना खड्डा पाण्याने धुवायला वाकड्या टोकाची सिरिंज मागून घे आणि ती कशी धरायची ते त्यांच्यासमोरच करून बघ. दुसऱ्या बाजूचीही दाढ काढायची असेल तर तिची तारीख त्याच भेटीत ठरवून टाक.