एअर रायफल घरी सेट करताय? या चुका टाळा

10 मीटरच्या आजच्या मॅच एअर रायफलला इतके स्क्रू असतात, की ॲलन कीचा संच हाताशी असला की रविवार कुठे गेला ते कळत नाही. चीकपीस (गाल टेकवायचा भाग), बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग), ग्रिप, वजनं, साइटखालचे (नेम धरायच्या भागाखालचे) ठोकळे... सगळं हलतं. हलतं म्हणून हलवलं जातं आणि तिथेच निम्मी गडबड होते.

सर्वांत जास्त चुकतो तो क्रम. आधी साइटचे क्लिक (नेम सरकवायचे टप्पे) फिरवून ग्रुप (शॉट्सच्या भोकांचा पुंजका) मध्यावर आणायचा आणि मग चीकपीस वरखाली करायचा, हा उलटा कारभार. चीकपीस सरकला की डोळ्याची जागा बदलते आणि मघाचे क्लिक वाया जातात. म्हणून आधी उभे राहा, आणि तेही जॅकेट घालून. टी-शर्टवर बसवलेली बटप्लेट जाड कॅनव्हासच्या जॅकेटवर कधीच जुळत नाही. उजव्या हाताच्या नेमबाजाने डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवावं, डोळे मिटून मान सैल सोडावी, गाल ठेवावा आणि मग डोळे उघडावेत. मागच्या साइटच्या भोकात पुढची रिंग मधोमध दिसायला हवी. त्यासाठी मान खाली घालावी लागत असेल तर रायफल खाली राहते आहे. अशा वेळी बटप्लेट खाली सरकवा, म्हणजे रायफल वर येते. बरेच जण नेमकं उलट करतात.

रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोत या प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं. त्याचे फोटो झूम करून तशीच मांडणी करू पाहणारे पालक रेंजवर भेटतात. त्याची उंची, मान, हात त्याचे आहेत. तुमच्या बारा वर्षांच्या मुलाला त्याचा काय उपयोग? वजनांचंही तेच. नियमाने रायफल साइटसकट 5.5 किलोपर्यंत चालते, म्हणजे तेवढी जड हवीच असं नाही. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात. नळीपुढे लावलेलं वजन पहिल्या दहा शॉट्सना स्थिर वाटतं, पण चाळिसाव्याला खांदा आणि कंबर बोलायला लागतात.

ट्रिगरला एअर रायफलमध्ये किमान वजनाची (ओढायला लागणाऱ्या जोराची) अट नाही, म्हणून तो इतका हलका केला जातो की बोट टेकताच शॉट सुटतो. या वजनाचा स्क्रू वेगळा आणि शॉट अडवून धरणाऱ्या आतल्या पकडीचा वेगळा. मॅन्युअल उघडल्याशिवाय दुसऱ्या स्क्रूला हात लावू नका. फिरवण्याआधी मार्करने खूण करा. रायफल रिकामी आहे हे स्वतः पाहा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची दिसणारी खूण) घाला. ही सवय घरातही सोडायची नाही.

आता धोक्याचं. रायफलच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरच्या आट्यांना किंवा व्हॉल्व्हला घरातलं तेल, ग्रीस लावू नका. 200 बार दाबाच्या हवेत तेलाची वाफ पेट घेऊ शकते. सील कोरडं वाटलं तर ते काम गनस्मिथचं, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्याचं. सिलिंडरवर छापलेली मुदतही बघा. साधारण दहा वर्षांची असते आणि ती उलटली की स्पर्धेच्या तपासणीत रायफल बाद होते.

स्प्रिंगच्या साध्या एअरगनवाल्यांचा मोह वेगळा: जास्त कडक स्प्रिंग घालायची. ग्रुप सुधारत नाही, झटका मात्र वाढतो. शिवाय भारतात 20 ज्यूलच्या वरची ताकद किंवा 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठी नळी असली की परवाना लागतो. स्प्रिंगची गन छर्‍याशिवाय रिकामी चालवूही नका, पिस्टनचं सील जातं.

एवढं करूनही ग्रुप पसरतोय? आधी दस्त्याचे मुख्य स्क्रू तपासा, तेही टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. ‘हाताला घट्ट लागला’ हे माप नव्हे. ग्रुप उभा लांबत असेल तर सिलिंडरचा दाब, बटप्लेटची पकड आणि श्वास पाहा. आडवा पसरत असेल तर बहुतेक वेळा पाय चुकीच्या दिशेला असतात आणि रायफल हातांनी ओढून नेमावर आणली जाते. टार्गेटचा काळा गोल रिंगमध्ये लुकलुकत असेल तर पुढची रिंग फार लहान आहे; एक आकार मोठी लावा. पेलेटची, म्हणजे छर्‍यांची, वेळ या सगळ्यानंतर येते: रायफल टेकवून 4.49, 4.50 आणि 4.51 मिलिमीटर डोक्याच्या पेलेटचे दहा-दहा शॉट मारा आणि ज्याचं भोक लहान पडेल, त्याच बॅचचे डबे घेऊन ठेवा.