मांडव्याच्या बोटीत मळमळतं? सीट बदलून बघा

गेटवेवरून मांडव्याला जाताना आईला दरवेळी मळमळायचं, बोट जरा खोल पाण्यात गेली की पदर तोंडाला. खिडकीसाठी पुढे धावायचो तीच चूक, फास्ट बोटीचं नाक सगळ्यात जास्त उडतं. आता खालच्या डेकला मधली, जरा मागचीच सीट धरतो, मोबाईल खिशात आणि नजर लांब, समोर कनकेश्वरचा डोंगर दिसायला लागला की त्याच्यावरच ठेवायची. पोट रिकामं नको पण वडापावही नको, दोन बिस्किटं खाऊन आलेपाकाची वडी चघळत बसायचं.

गोळी घ्यायची तर निदान अर्धा तास आधी. पण भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडी नेताय तर चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नका, झोप येते!