सबवूफरचा क्रॉसओव्हर: कात्री एकाच्याच हाती

सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, घरी आल्यावर पहिले सहा महिने मी तो चुकीच्या सेटिंगवर ऐकत होतो. रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या डब्यात) क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या आकड्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो तो, ८० हर्ट्झ होता, म्हणून सबवूफरच्या पाठीवरचा नॉबही मी मोठ्या हुशारीने ८० वरच आणून ठेवला होता. स्फोट दणदणीत वाजायचे, पण पुरुषांचे आवाज पातळ. आई एकदा म्हणाली, "याला सर्दी झालीये का रे?"

घोळ असा होता की रिसीव्हर ८० च्या वरचा भाग कापून उरलेला खर्ज सबवूफरला पाठवत होता आणि सबवूफर तिथेच पुन्हा कात्री चालवत होता. दोनदा कापल्यामुळे नेमकं स्पीकर आणि सबवूफर एकमेकांना भेटतात तिथे भगदाड पडलं, आणि भारदस्त आवाजाचा खर्ज तिथेच असतो. तेव्हा सगळ्यात आधी सबवूफरच्या मागचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर फिरवा. ‘एलएफई’ (सिनेमाच्या खास खर्जाचा चॅनल) लिहिलेलं इनपुट किंवा बटण असेल तर ते वापरा. कापायचं काम फक्त रिसीव्हरचं.

मग स्पीकर ‘स्मॉल’ करा. इथे अनेकांचा अहंकार दुखावतो, कारण एवढे उंच टॉवर घेतलेत ते काय स्मॉल म्हणवून घ्यायला? पण या शब्दाचा आकाराशी संबंध नाही. स्मॉल म्हणजे ठरवलेल्या आकड्याखालचा खर्ज या स्पीकरला न देता सबवूफरकडे वळवा, एवढंच. ‘एलएफई + मेन’ हा पर्याय दिसला तरी साधा ‘एलएफई’च निवडा. नाहीतर तोच खर्ज दोन ठिकाणांहून वाजतो आणि खोली घुमते.

आकडा कोणता? शंका असेल तर ८०. सिनेमाच्या आवाजाचे मापदंड ठरवणाऱ्या टीएचएक्सने हाच आकडा रूढ केला, आणि त्याखालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय हे कानाला सहसा उमगत नाही. माहितीपत्रकात स्पीकर ५५ हर्ट्झपर्यंत जातो असं लिहिलं असेल तर ६० ठेवू नका, त्याला थोडी उसंत द्या. अगदी छोट्या सॅटेलाइट स्पीकरना १२० लागू शकतं. मग मात्र सबवूफर कुठे आहे ते ऐकू येऊ लागतं, म्हणून तो पुढच्या स्पीकरजवळच हवा. माइक लावून ऑटो सेटिंग केल्यावर रिसीव्हरने ४० निवडलं तर बेधडक ८० करा. त्याने १०० निवडलं असेल तर मात्र खाली ओढू नका.

मेनूत ‘एलएफईचा लो-पास’, म्हणजे त्या चॅनलमधला किती हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ द्यायचा ती मर्यादा, वेगळा असतो. तो १२० वरच राहू द्या, कारण सिनेमाच्या खास खर्जाच्या चॅनलमध्ये तिथपर्यंतचा आवाज असू शकतो.

आता जागा. यात माझा एक अख्खा रविवार गेला आणि तो सार्थकी लागला. सबवूफर उचलून सोफ्यावर, मी बसतो तिथे ठेवला, एक संथ बेस गिटारची ओळ पुन्हापुन्हा लावली आणि स्वतः भिंतीकडेने जमिनीवर रांगत सुटलो. कपाटापाशी एक सूर फुगून छातीवर बसला. दीड हात पुढे सरकलो तर तोच सूर गायब! ५ मीटर लांबीच्या खोलीत साधारण ३४ हर्ट्झचा सूर भिंतीभिंतीत असाच अडकतो आणि बरोबर मध्यावर नाहीसा होतो. जिथे सगळे सूर सारखे ऐकू आले, तिथे सबवूफर गेला. रांगताना घरात पाहुणे नसलेले बरे.

जागा ठरली की फेज, म्हणजे सबवूफर आणि स्पीकरच्या आवाजाचा मेळ. ८० हर्ट्झचा टोन पुढच्या स्पीकरवर आणि सबवूफरवर एकदम वाजू द्या. तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्या कुणाला तरी फेजचं बटण ० आणि १८० मध्ये बदलायला सांगा. जिथे आवाज मोठा, ते बरोबर. ऑटो सेटिंगने सबवूफरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवलं तर ‘दुरुस्त’ करू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो.

व्हॉल्यूम नॉब मध्यावर ठेवून माइक चालवा. रिसीव्हरने सबवूफरची पातळी अगदी तळाला, उणे १२ वर नेली तर नॉब कमी करून पुन्हा मोजा. नंतर आवडीप्रमाणे दोन-तीन डेसिबल वाढवायला हरकत नाही, मीही वाढवतो.

शेवटी डोळे मिटून दोन माणसांच्या बोलण्याचा एखादा प्रसंग ऐका. खर्ज कुठून येतोय ते दाखवताना बोट सबवूफरकडे गेलं तर पातळी जास्त आहे, क्रॉसओव्हर वर आहे, किंवा काहीतरी थरथरतंय. माझ्याकडे कपाटाची काच होती. दोन दिवस सबवूफरला शिव्या घातल्यावर काचेच्या फटीत कागदाची घडी सरकवली आणि घरघर थांबली.