मराठवाड्यात स्वस्त मुक्काम शोधताय? या चुका टाळा

लातुरात उतरून फोनवर ‘हॉस्टेल’ शोधलं की पाचपन्नास नावं येतात आणि पोरं खूश होतात. ती बहुतेक सगळी नीट-जेईईच्या लेकरांची वसतिगृहं असतात. तिथं हिशेब महिन्याचा, रात्री गेटला कुलूप आणि एका रात्रीसाठी वॉर्डन उंबऱ्याच्या आत घेत नाही. मराठवाड्यात हॉस्टेल म्हणजे विद्यार्थ्यांचं, हे आधी डोक्यात पक्कं करा. प्रवाशांसाठी बंक बेडवालं हॉस्टेल बघायचंच तर छत्रपती संभाजीनगरात बघा. इतर गावांत लॉज, भक्तनिवास, यात्री निवास, धर्मशाळा असे शब्द टाका, लगेच चित्र बदलतं.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. वार न बघता गादी बुक करणं.

अजिंठा सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद. दोन्ही गोष्टी जगजाहीर, तरी दर हंगामात तेच. शुक्रवार-शनिवारच्या रात्री दर चढे असतात म्हणून चौघे मित्र हुशारीनं अजिंठ्याजवळच्या फर्दापुरात रविवार रात्रीची खोली घेतात. स्वस्त मिळतं, कारण पैसे परत न मिळणारं बुकिंग. सोमवारी सकाळी लेण्यांच्या फाट्यावर, म्हणजे टी-पॉइंटला, चहावाला सांगतो, आज लेणी बंद. मग शंभर किलोमीटर मागं, लालपरीत तीन तास, संभाजीनगरात दुसरी खोली. मंगळवारी वेरूळ गाठतात तर तिथंही फाटक लावलेलं. घृष्णेश्वराचं दर्शन तेवढं पदरात पडतं. दोन रात्रींचं भाडं गेलं आणि लेणं एकही नाही.

उपाय सोपा: सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, बाकी वारी कसंही. आणि दोन्ही बघायचं असेल तर मुक्काम शहरातच, मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाता येईल एवढ्यात. दोन्हीकडच्या एसटी तिथून सुटतात. वेरूळ तीसेक किलोमीटर, काळी-पिवळीही मिळते. फर्दापूरला राहण्यात अर्थ दोनच वेळा: सकाळी नऊला लेणी उघडताच आत शिरायचं असेल तेव्हा, किंवा पुढं जळगावची गाडी धरायची असेल तेव्हा. ॲपवर ‘लेण्यांपासून पाच किलोमीटर’ वाचून हुरळू नका. खासगी गाडी टी-पॉइंटलाच थांबते. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनंच जायचं असतं आणि तिथं रांग असते.

अंतराचा हिशेब तर कुणी करतच नाही. समजा, बायपासकडची गादी साडेतीनशेला आणि बसस्थानकाजवळची पाचशेला. बायपासवरून रोज जाऊन-येऊन रिक्षाचे दोनशे लागले की दीडशे वाचवायला दोनशे घातले. शिवाय रात्री दहानंतर रिक्षावाला जे म्हणेल ते. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे चालत की गाडीनं, ते फोनवरच विचारा.

दुसरी लाडकी चूक उन्हाळ्यातली. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशी ओलांडतो आणि सगळ्यात स्वस्त गादी नेमकी वरच्या मजल्यावर असते. स्वस्त का, ते रात्री कळतं. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवतो. ‘कूलर आहे’ एवढ्या शब्दावर समाधान मानणारे तर धन्य. कूलर आपल्या कोरड्या हवेत झकास चालतो, पण दोन अटींवर. त्याची पाठ खिडकीत, बाहेरच्या हवेकडं हवी आणि समोरून हवा निघायला दार किंवा झरोका उघडा हवा. बंद खोलीत आत ठेवलेला कूलर तासाभरात खोली दमट करतो, मग अंग चिकचिकतं ते वेगळंच. आणि टाकीत पाणी पाहिजे. टंचाईत मॅनेजर संध्याकाळी एकदाच भरतो. रात्री दोनला टाकी संपते, खस वाळते आणि कूलर नुसता धग फेकतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं इथं पाण्याचं विचारणं म्हणजे नखरे नव्हेत.

फोनवर एवढं विचारा: खोली कितव्या मजल्यावर, कूलर खिडकीत आहे का, पाणी चोवीस तास की सकाळ-संध्याकाळ, बोअरचं की नळाचं, लाइट गेली तर पंख्याला इन्व्हर्टर आहे का. मधला मजला घ्या आणि पश्चिमेची भिंत टाळा, ती संध्याकाळभर तापते. बोअरचं पाणी खारं असलं तर साबण फेसत नाही. प्यायला जारचंच घ्या. वरच्या मजल्यावर अडकलातच तर गच्चीवर गादी टाकू का, असं बिनधास्त विचारा. मराठवाड्यात याचं कुणाला नवल वाटत नाही.

चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं, हे न विचारता पहाटे पाचला पोचणारे एका झोपेचे दोन दिवसांचे पैसे भरतात. रेल्वे स्टेशनची डॉर्मिटरी हवी असेल तर कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो, जनरलच्या तिकिटावर भांडू नका. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवायची तर तिला कुलूप पाहिजे.

बऱ्याच लॉजवर त्याच गावचं आधार कार्ड चालत नाही आणि बऱ्याच भक्तनिवासांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत. दोन्ही नियम काउंटरवर कळण्यापेक्षा फोनवर कळलेले बरे.

नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूर, महाशिवरात्रीला परळी आणि औंढा, नाथषष्ठीला पैठण, दसऱ्याला आणि शिखांच्या होला मोहल्ला सणाला नांदेड. या दिवसांत ‘गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला बसस्थानकाचा बाकडा मिळतो. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादचा रस्ताही भद्रा मारुतीला चालत जाणाऱ्यांनी भरलेला असतो. तुळजापुरात अनेक पुजाऱ्यांच्या घरी भाविकांची सोय होते. मात्र पूजेचं आणि राहण्याचं किती, हे वेगवेगळं आधी ठरवा. नंतर घासाघीस केली तर दोघांचंही तोंड कडू.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासांत उतरायचं तर विडी, गुटखा, दारू खिशातही नको, डोक्याला रुमाल हवा. जेवण लंगरमध्ये होतं, पंगतीत बसून.

धर्मशाळेत जाताना स्वतःची चादर, उशीचा अभ्रा, प्लास्टिकचा मग आणि बऱ्यापैकी जाड कुलूप न्या. दाराच्या कडीला बसेल असं. बॅगेचं चिमुकलं कुलूप लॉकरला लावणं म्हणजे चोराला आमंत्रण.

ढेकणांचं शेवटी, कारण पैसे भरण्याआधी बघायचं ते हेच. बॅग खांद्यावरच ठेवा. गादीचा कोपरा उचलून शिवणीवर टॉर्च मारा, मग पलंगाच्या फळ्यांच्या सांध्यात आणि स्क्रूच्या भोकांत. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले तर पलंग नाही, खोली बदलून मागा. शेजारच्या पलंगावर ढेकूण रात्रीतून चालत येतात. मॅनेजर ‘कालच फवारणी केलीय’ म्हणाला तर दुसरं लॉज बघा.