खिशातलं मॅग्नम: या चुका टाळा

अमेरिकेतल्या गन शॉपच्या काउंटरवर नवखं गिऱ्हाईक हमखास एक गोष्ट करतं. दोन रिव्हॉल्व्हरं दोन हातांत घेऊन तोलतं आणि हलकं ते पसंत करतं. एका हातात रूगरचं एसपी१०१: सगळं पोलाद, सव्वादोन इंची नळी, वजन सुमारे ७४० ग्रॅम. दुसऱ्या हातात स्मिथ अँड वेसनचं ३४० पीडी: स्कँडियम मिश्रधातूची फ्रेम, टायटॅनियमचा सिलिंडर (काडतुसं बसतात ते फिरतं नळकांडं), वजन ३३५ ग्रॅमच्या आसपास. दोन्हीत पाचच काडतुसं, दोन्हीत .३५७ मॅग्नम हे ताकदवान काडतूस. मग दुप्पट ओझं दिवसभर कोण वागवणार? हिशेब बिनतोड वाटतो, फक्त त्यात धक्का धरलेला नसतो. काडतूस तेच असेल तर मागे येणारा रेटाही तोच, पण निम्म्या वजनाची वस्तू दुप्पट वेगाने मागे येते आणि थेट अंगठ्याच्या बेचक्यावर बसते.

खिशातच ठेवायचं असेल तर रूगरचंच एलसीआर .३५७ (सुमारे ४८५ ग्रॅम) ही खालची मर्यादा धरा. कमरेला होल्स्टरमध्ये ठेवणार असाल तर एसपी१०१ घ्या, नाहीतर सहा काडतुसांचं, साडेसहाशे ग्रॅमचं किंबर के६एस. पट्टा मात्र जाड आणि ताठ हवा. ऑफिसच्या पँटच्या मऊ पट्ट्यावर ७४० ग्रॅम लोंबकळतात आणि मग दोष रिव्हॉल्व्हरला दिला जातो.

या सगळ्याच्या आधीची चूक कायद्याची आहे. एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्या माणसाने अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, तेवढेच. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही ‘बाळगणं’ यातच मोडते, त्यामुळे ‘मित्राबरोबर सहज गेलो होतो’ हा बचाव नव्हे. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. कॅरी परमिट, म्हणजे बंदूक अंगावर बाळगण्याचा परवाना, राज्याराज्यांत बदलतं. न्यू जर्सीत तर परमिट असूनही पोकळ टोकाच्या गोळ्या अंगावर बाळगण्यावर बंधनं आहेत. कॅनडात १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीचं हँडगन प्रतिबंधित वर्गात येतं. बफेलोहून टोरांटोच्या नातेवाइकांकडे निघण्याआधी गाडीचा ग्लव्ह बॉक्स रिकामा करा.

गोळी पुढे सरकते, सिलिंडर अडकतो

अतिहलकं मॅग्नम आणि १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्वस्त काडतुसांचा डबा एकाच दिवशी घेणाऱ्याचा शनिवार कसा जातो, हे रेंजवर काम करणारा कुणीही सांगेल. पहिला बार झाल्यावर माणूस हसतो. दुसऱ्यानंतर हात झटकतो. तिसरा बार कागदाच्या खाली जातो, कारण चाप ओढण्याआधीच मनगट दबलेलं असतं. चौथ्यानंतर चाप अर्ध्यावर थांबतो. सिलिंडर फिरत नाही आणि उघडतही नाही. मग तो दोन्ही हातांनी चाप ओढायला लागतो, आणि त्या झटापटीत नळी शेजारच्या लेनकडे वळते. रेंज ऑफिसर ओरडतो ते इथे.

झालेलं असतं एवढंच. बार उडाला की रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे येतं आणि बाकीच्या काडतुसांच्या पुंगळ्यांना कडेने धरून सोबत ओढतं. गोळी जड असते, ती जागेवरच राहू पाहते. पुंगळीचं तोंड गोळीभोवती दाबून बसवलेलं असतं. ती पकड, म्हणजे क्रिम्प, सैल असेल तर दर धक्क्याला गोळी केसभर पुढे सरकते. चौथ्या बारापर्यंत पाचव्या काडतुसाची गोळी सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावते आणि फ्रेमला अडते. जॅकेट नसलेल्या शिशाच्या गोळ्या यात सगळ्यांत आधी दगा देतात. रिव्हॉल्व्हर जितकं हलकं, तितका हा त्रास जास्त. त्याच मॅग्नमचा डबा एसपी१०१मध्ये विनातक्रार उडतो, म्हणून लोक दुकानदाराशी भांडायला जातात. दुकानदाराचा यात दोष नसतो.

अडकल्यावर जोर लावायचा नाही. नळी टार्गेटकडे, बोट चापाबाहेर, दुसरा हात वर करून ऑफिसरला बोलवा. स्क्रूड्रायव्हर घालून जिवंत काडतूस उचकटणारे महाभागही असतात. त्यांच्यापासून लांब उभे राहा.

ही वेळ येऊच नये म्हणून प्रत्येक नव्या काडतुसाची चाचणी घ्यावी. एका काडतुसाच्या बुडावर मार्करने खूण करा आणि व्हर्नियर कॅलिपरने त्याची पूर्ण लांबी मोजून लिहा. पाच भरा, खुणेचं काडतूस शेवटी येईल असं बघा, चार झाडा, सिलिंडर उघडा, पाचवं परत मोजा. तेच काडतूस पुन्हा शेवटच्या जागी ठेवून आणखी चार झाडा आणि पुन्हा मोजा. नोंदण्याजोगी वाढ दिसली तर तो ब्रँड या रिव्हॉल्व्हरसाठी बाद. सरकलेली गोळी टेबलावर दाबून आत बसवायची आणि तेच काडतूस वापरायचं, हा शॉर्टकट कुणी सुचवला तर त्याचे इतर सल्लेही ऐकू नका. ३४० पीडीच्या बाबतीत कंपनीचीच उलट बाजूची अटही आहे: १२० ग्रेनपेक्षा हलक्या गोळीची मॅग्नम काडतुसं चालत नाहीत, कारण टायटॅनियमचा सिलिंडर. म्हणजे फार जड गोळी सरकते आणि फार हलकी सिलिंडर खाते. हा अरुंद पट्टा खरेदीआधी किती जणांना माहीत असतो?

दोन इंची नळीत चार इंचीचे आकडे

डब्यावरचा वेग लांब नळीतला असतो. १२५ ग्रेनची पूर्ण ताकदीची .३५७ गोळी चार इंची नळीतून सेकंदाला १४०० फुटांच्या वर जाते, दोन इंचीतून बाराशेच्या आसपास. उरलेली दारू नळीबाहेर जळते. तिचा भडका आणि आवाज तुम्हाला मिळतो, गोळीला काही मिळत नाही. म्हणून बरेच मुरलेले लोक मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल +पी (त्यातच बसणारं, मॅग्नमपेक्षा सौम्य काडतूस) भरतात, त्यातही आखूड नळीसाठी बनवलेली १३५ ग्रेनची गोल्ड डॉट ब्रँडची. मग मॅग्नम घ्यायचंच कशाला, असं विचाराल तर थोडं जास्त वजन आणि मजबूत फ्रेम मिळते म्हणून. सरावाला १४८ ग्रेनचे वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीची सौम्य काडतुसं, घ्या. एका बैठकीत चाळीस वॉडकटर आणि शेवटी रोज बाळगायची पाच काडतुसं पुरतात. पहिल्याच दिवशी पन्नास मॅग्नम झाडून ‘सवय होते’ म्हणणाऱ्याला सवय होते ती दचकण्याची, आणि ती मोडायला महिने लागतात.

.३८ वापरण्याला एक पथ्य आहे. त्याची पुंगळी मॅग्नमपेक्षा साधारण साडेतीन मिलिमीटर आखूड असते. १९३५ साली मॅग्नम आलं तेव्हा पुंगळी मुद्दाम लांब ठेवली, म्हणजे कुणी ती जुन्या .३८मध्ये भरू नये. आखूड पुंगळीच्या तोंडापुढे चेंबरमध्ये (सिलिंडरमधलं काडतुसाचं भोक) काजळीचं कडं साचतं, आणि मग मॅग्नम आत नीट बसत नाही. अंगठ्याने ठोकून बसवू नका. सॉल्व्हंट लावून पाच मिनिटं थांबा, ब्राँझचा ब्रश पाचही चेंबरमधून दहा-दहा वेळा फिरवा. टायटॅनियमच्या सिलिंडरला खरखरीत पावडर किंवा पॉलिश लावू नका, वरचा थर गेला की गेला.

पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे

आखूड रिव्हॉल्व्हरचा इजेक्टर दांडाही आखूड असतो. मॅग्नमची पुंगळी तो पूर्ण बाहेर ढकलतच नाही, शेवटचा टप्पा तिने स्वतः पडायचं असतं. नळी खाली धरून हळूच दांडा दाबलात की एखादी पुंगळी चांदणीसारख्या एक्स्ट्रॅक्टरवरून घसरून त्याच्याखाली जाऊन बसते. मग ना सिलिंडर बंद होतो, ना पुंगळी निघते. चांदणी वर धरून नखाने ती उकरत बसायला निवांत दुपार लागते. सिलिंडर उघडा, डाव्या हाताची मधली दोन बोटं फ्रेममधून घालून तो धरा, नळी सरळ वर करा आणि उजव्या तळव्याने दांड्यावर एकच खणखणीत फटका मारा. त्यानंतर नळी खाली करून भरा. चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण राहतात, ते भरताना पडू नयेत म्हणूनही नळी आधी वर करायची. दर शंभर काडतुसांनी तिथे जुना टूथब्रश फिरवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. पिस्तुलासारखा डावा अंगठा पुढे टेकवू नका. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून मॅग्नमचा तापलेला वायू सुटतो आणि कातडी फाडतो. अंगठे एकावर एक, मुठीवर खाली. चाप प्रत्येक वेळी पूर्ण पुढे सोडा. घाईत अर्ध्यावरून पुन्हा ओढला की यंत्रणा नुसती चकवा देते. सिनेमातल्यासारखा मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद केलात तर सिलिंडर ज्यावर बाहेर वळतो ती क्रेन वाकते आणि मग नेम कधीच जुळत नाही. खिशातून काढायचं असेल तर वर आलेला हॅमर (घोडा) नको, तो कापडात अडकतो.

दचकणं तपासायला जोडीदाराला पाचांत दोन खोटी काडतुसं मिसळून भरायला सांगा. खोट्यावर नळी खाली डुचकली तर दोष साइटचा (नेम धरायच्या खुणेचा) नव्हे. घरी रिकाम्या रिव्हॉल्व्हरने पुढच्या साइटवर नाणं ठेवून चाप ओढा. वीसदा ओढून ते पडलं नाही तर ठीक. जिवंत काडतुसं तेव्हा दुसऱ्या खोलीत, दार लावून.

एखादा बार ‘फुस्स’ वाजला तर लगेच थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते. नुसता टकटक आवाज आला, बार उडालाच नाही, तर टार्गेटकडे रोखून तीस सेकंद मोजा. इनडोअर रेंजवर कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही.

खिशात किल्ल्या, नाणी, लायटर काहीही ठेवायचं नाही, त्या खिशात फक्त रिव्हॉल्व्हर. तेही चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये. होल्स्टर खिशात ठेवून वरून रिव्हॉल्व्हर खुपसत बसू नका. दोन्ही बाहेर जोडा आणि एकत्र आत घाला. महिन्याने उघडून बघा, चापामागे कापसाचा पुंजका साचलेला असतो. एक फुंकर आणि टूथपिक पुरते.